पासवर्ड बंद, किल्ली चालू: सर्व्हरवर एसएसएच लॉगिन नीट बसवण्याबद्दल

कन्सोलकर (धागाकर्ता)

२२ नंबरचं पोर्ट (एसएसएच, म्हणजे सर्व्हरवर दुरून सुरक्षित लॉगिन, याच दारातून चालतं) इंटरनेटकडे उघडं असलेला कुठलाही सर्व्हर घ्या, त्याच्या लॉगमध्ये रूट (सर्वाधिकारी यूजर), ॲडमिन, टेस्ट, उबुंटू अशा नावांनी पासवर्ड मारून बघणारे सतत दिसतात. हे काम यंत्रं करतात, त्यामुळे कंटाळा हा प्रकार नाही. पासवर्ड आठ अक्षरांचा की सोळा अक्षरांचा यावर वाद घालण्यापेक्षा पासवर्डचा रस्ताच बंद करावा आणि किल्ल्यांच्या जोडीने आत यावं.

खाली उबुंटू २४.०४ धरून कृती देतो आहे. रॉकी, अल्मा (लिनक्सचे दुसरे प्रकार), विंडोज वगैरेंत जिथे फरक पडतो तिथे जाणकारांनी भर घालावी. आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, टंकायच्या अर्थातच रोमनमध्ये. मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

जोडीतली प्रायव्हेट किल्ली तुमच्या मशीनवरून कधीच हलत नाही. पब्लिक किल्ली सर्व्हरवर ठेवायची. लॉगिनच्या वेळी तुमचं मशीन त्या सेशनपुरत्या माहितीवर प्रायव्हेट किल्लीने सही करतं आणि सर्व्हर ती सही पब्लिक किल्लीने तपासतो. उद्या सर्व्हर कुणी फोडला तरी त्याच्या हाती फक्त पब्लिक किल्ली लागते आणि तिने कुठेही लॉगिन होत नाही.

किल्ली आपल्या लॅपटॉपवर बनवायची. सर्व्हरवर बनवून प्रायव्हेट फाइल खाली उतरवणं हा उलटा प्रवास आहे.

एसएसएच-कीजेन -टी ईडी२५५१९ -ए १०० -सी "घरचा-लॅपटॉप"

(शेवटचा सी मोठा.) -ए म्हणजे पासफ्रेजवर (किल्लीची फाइल उघडायचा पासवर्ड) किती फेऱ्या चालवायच्या. फेऱ्या जितक्या जास्त, तितकं चोरलेल्या फाइलवर पासफ्रेज ओळखत बसणं महाग. -सी ही नुसती टीप आहे, पण सहा महिन्यांनी कुठली ओळ कुठल्या मशीनची हे तीच सांगते. फाइल आधीच असेल तर 'ओव्हरराइट?' असं विचारेल. तिथे विचार न करता वाय दाबलंत तर जुनी किल्ली गेली, ती परत येत नाही.

ईडी२५५१९ हा प्रकार ओपनएसएसएच ६.५ पासून, म्हणजे २०१४ पासून चालतो. ९.५ पासून प्रकार न सांगताही हाच मिळतो. फार जुनं उपकरण असेल तरच आरएसए, आणि तीही ४०९६ बिटची. डीएसए विसरा.

मग पब्लिक किल्ली सर्व्हरवर:

एसएसएच-कॉपी-आयडी -आय ~/.एसएसएच/आयडी_ईडी२५५१९.पब यूजर@सर्व्हर

इथे पासवर्ड शेवटचा विचारला जाईल. त्यानंतरची तपासणी बरेच जण चुकीची करतात. नुसतं एसएसएच मारून आत गेलो म्हणजे किल्ली चालली असं होत नाही, पासवर्डनेही आत गेलेले असू शकता. म्हणून:

एसएसएच -ओ प्रीफर्डऑथेंटिकेशन्स=पब्लिककी यूजर@सर्व्हर

हे चाललं तरच पुढे जा. आता सर्व्हरवर, एसएसएचडी (लॉगिन घेणारा तिथला प्रोग्रॅम) ज्यातून नोंदी वाचतो त्या /ईटीसी/एसएसएच/एसएसएचडी_कॉन्फिग.डी/ या फोल्डरात '१०-किल्ली.कॉन्फ' नावाची फाइल करून त्यात:

पासवर्डऑथेंटिकेशन नो
केबीडीइंटरॲक्टिव्हऑथेंटिकेशन नो
परमिटरूटलॉगिन नो

दुसरी ओळ गाळू नका. पहिली नो आणि दुसरी येस असेल तर पॅमच्या (लिनक्सची लॉगिन तपासणारी यंत्रणा) वाटेने पासवर्ड विचारणं चालूच राहतं. मग:

सुडो एसएसएचडी -टी
सुडो सिस्टमसीटीएल रीलोड एसएसएच

पहिली आज्ञा (छोटा टी) फाइलमधली चूक पकडते. ती काहीही न बोलता परतली तर ठीक. रीलोड केल्यावर चालू असलेलं सेशन बंद करायचं नाही. दुसरी खिडकी उघडून नव्याने लॉगिन करून बघायचं आणि ते झालं की मगच पहिलं बंद करायचं.


सोनचाफा

धागा छान. सगळं याच क्रमाने केलं, कॉपी-आयडीने 'एक किल्ली जोडली' असंही सांगितलं, तरी पासवर्डच मागतो. यूजरचं नाव बरोबर आहे, फाइलमध्ये ओळही दिसते. कुठून शोधायला सुरुवात करावी?


पोर्टबावीस

सोनचाफा, आधी नक्की काय विचारलं जातंय ते वाचा. 'एंटर पासफ्रेज फॉर की' असं असेल तर तो प्रश्न तुमचाच लॅपटॉप विचारतोय, सर्व्हरला त्याचा पत्ताही नाही. 'यूजर@सर्व्हर' आणि पुढे 'पासवर्ड' असं असेल तर सर्व्हरने किल्ली नाकारली आहे किंवा किल्ली पुढे केलीच गेली नाही.

यातलं कुठलं, ते एसएसएच -व्ही ने कळतं. निकालात 'ऑफरिंग पब्लिक की' ही ओळ शोधा. ती नसेलच तर दोष तुमच्या बाजूला: फाइलचं नाव नेहमीचं नाही म्हणून ती सापडत नाही, तेव्हा -आय ने नाव सांगा. ती ओळ आहे पण पाठोपाठ 'सर्व्हर ॲक्सेप्ट्स की' येत नसेल, तर दोष सर्व्हरवर. तिथे क्लायंटचा लॉग काहीच सांगणार नाही आणि ते मुद्दामच आहे, दारावरच्या अनोळखी माणसाला कारण कशाला सांगायचं? कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये मिळतं:

सुडो जर्नलसीटीएल -यू एसएसएच -एफ

रॉकी-अल्मावर युनिटचं नाव एसएसएचडी. ही खिडकी चालू ठेवून दुसरीकडून लॉगिनचा प्रयत्न करा.

'ऑथेंटिकेशन रिफ्यूज्ड: बॅड ओनरशिप ऑर मोड्स' दिसलं तर परवानग्यांचा घोळ. लोक .एसएसएच फोल्डर ७०० (सगळी मुभा फक्त मालकाला) आणि ऑथराइज्ड_कीज ही पब्लिक किल्ल्यांची फाइल ६०० (वाचणं-लिहिणं फक्त मालकाला) करतात आणि तिथेच थांबतात. तपासणी मात्र होम फोल्डरपर्यंत वर जाते. होम ७७५ किंवा ७७७ असेल तर आतलं सगळं चोख असूनही नकार. कारण सरळ आहे: होममध्ये दुसऱ्याला लिहिता येत असेल तर तो तुमचं .एसएसएच फोल्डर बाजूला सारून स्वतःचं ठेवू शकतो. ७५५, ७५०, ७०० यांपैकी काहीही चालतं.

सीएचमॉड जीओ-डब्ल्यू ~
सीएचमॉड ७०० ~/.एसएसएच
सीएचमॉड ६०० ~/.एसएसएच/ऑथराइज्ड_कीज

मालकीही बघा. रूट होऊन दुसऱ्या यूजरसाठी फाइल बनवली की ती रूटच्या मालकीची आणि ६०० राहते. एसएसएचडी ती फाइल त्या यूजरचा वेष घेऊन वाचतो, त्यामुळे त्याला ती उघडतच नाही. सीएचओन -आर (मोठा आर) ने मालकी यूजरला द्या.

नेटवर यावर 'स्ट्रिक्टमोड्स नो' करा असा सल्ला मिळतो. करू नका. धूर दिसला म्हणून धुराचा अलार्म काढून ठेवण्यातला प्रकार आहे.


कन्सोलकर

+१. आणखी दोन फाइलसंबंधी गोष्टी. हाताने फाइल बनवणाऱ्यांनी तिच्या नावातलं 'ऑथराइज्ड' अमेरिकी पद्धतीने झेड घालून लिहायचं. शाळेतल्या सवयीने एस पडतो, फाइल डोळ्यांना बरोबर दिसते आणि सर्व्हर तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. शेवटचा एस गाळून 'की' लिहिणारेही पुष्कळ.

दुसरं, एक किल्ली म्हणजे एक ओळ. होस्टिंगवाल्यांच्या वेब कन्सोलमध्ये पेस्ट केलं की लांब ओळ मधेच तुटते. डोळ्यांनी शोधत बसू नका:

एसएसएच-कीजेन -एलएफ ~/.एसएसएच/ऑथराइज्ड_कीज

ज्या किल्ल्या शाबूत आहेत तेवढ्यांचे ठसे (फिंगरप्रिंट) छापले जातात. तुमच्या लॅपटॉपवरच्या .पब फाइलवर हीच आज्ञा चालवून ठसा जुळवा.

एवढ्यानेही नाही सुटलं तर सर्व्हरवर दुसरा एसएसएचडी वेगळ्या पोर्टवर बोलका करून चालवता येतो:

सुडो /यूएसआर/एसबिन/एसएसएचडी -डी -पी २२२२

पूर्ण मार्ग द्यावा लागतो, नाहीतर चालायला नकार देतो. फायरवॉलमध्ये २२२२ तात्पुरतं उघडा. एक जोडणी झाली की तो आपोआप संपतो.


लालटोपी

वर सगळं उबुंटूचं चाललंय म्हणून रॉकी, अल्मा, रेड हॅटवाल्यांसाठी. परवानग्या बरोबर, मालकी बरोबर, ठसा बरोबर, तरी नकार, आणि लॉगमध्ये धड काहीच नाही, अशा वेळी एसईलिनक्सवर (फाइलींवरच्या लेबलांवरून मुभा ठरवणारा सुरक्षा थर) संशय घ्या. .एसएसएच फोल्डर दुसरीकडून एमव्ही ने आणलं की त्याचं जुनं लेबल सोबत येतं आणि एसएसएचडीला ते वाचायची मुभा नसते. एलएस -झेड (मोठा झेड) ने लेबल दिसतं. 'एसएसएच_होम_टी' नसेल तर:

रीस्टोरकॉन -आर -व्ही ~/.एसएसएच

(आर मोठा.) होम फोल्डर मुळातच /होम मध्ये नसून /डेटा/होम सारख्या ठिकाणी असतील तर नुसतं हे पुरत नाही, आधी सिस्टमला ती जागा होमसारखी आहे हे सांगावं लागतं:

सेमॅनेज एफकॉन्टेक्स्ट -ए -ई /होम /डेटा/होम

आणि मग /डेटा/होम वर रीस्टोरकॉन. एसईलिनक्स कायमचा बंद करण्याची गरज यात कुठेच नाही.


दुपारची_शिफ्ट

माझा प्रश्न उलटा आहे. मुख्य एसएसएचडी_कॉन्फिग फाइलमध्ये पासवर्डऑथेंटिकेशन नो केलं, सर्व्हिस रीस्टार्ट केली, तरी दुसऱ्या मशीनवरून पासवर्डने सरळ आत जाता येतं. क्लाउडवरची उबुंटू इमेज आहे.


कन्सोलकर

क्लाउड इमेजमध्ये '५०-क्लाउड-इनिट.कॉन्फ' नावाची फाइल त्याच .डी फोल्डरात असते आणि तिच्यात पासवर्डऑथेंटिकेशन येस असू शकतं. मुख्य फाइलच्या अगदी वरच 'इन्क्लूड' ची ओळ आहे, त्यामुळे ती आधी वाचली जाते. बहुतेक प्रोग्रॅममध्ये नंतरची नोंद आधीचीवर मात करते. एसएसएचडीत नेमकं उलट, जी नोंद पहिली वाचली ती टिकते. म्हणून तुमची मुख्य फाइलमधली नो वाचली जाते पण लागू होत नाही. म्हणूनच मी फाइलचं नाव १० ने सुरू केलं, ती ५० च्या आधी येते.

फाइली वाचून अंदाज बांधण्यापेक्षा सर्व्हरलाच विचारा की शेवटी काय धरलं:

सुडो एसएसएचडी -टी | ग्रेप -आय पासवर्डऑथ

इथे टी मोठा. छोटा टी फक्त व्याकरण तपासतो, मोठा टी लागू झालेली प्रत्येक किंमत छापतो. फाइलमध्ये 'मॅच' चे विभाग असतील तर त्याखालच्या सगळ्या ओळी त्या विभागाच्याच धरल्या जातात, म्हणून सर्वसाधारण नोंदी नेहमी मॅचच्या वर.


दुपारची_शिफ्ट

तेच निघालं, ५० नंबरच्या फाइलमध्ये येस होतं. धन्यवाद.


पाटी_आणि_पुट्टी

विंडोजवाल्यांची बाजू. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून ओपनएसएसएच क्लायंट विंडोजमध्येच मिळतो, कीजेनची आज्ञा जशीच्या तशी चालते. कॉपी-आयडी मात्र नाही. सर्व्हरवर .एसएसएच फोल्डर ७०० ने करून ठेवा आणि साध्या कमांड प्रॉम्प्टमधून:

टाइप %यूजरप्रोफाइल%\.एसएसएच\आयडी_ईडी२५५१९.पब | एसएसएच यूजर@सर्व्हर "कॅट >> .एसएसएच/ऑथराइज्ड_कीज"

दोनदा मोठं-पेक्षा चिन्ह आहे ते बघून घ्या. एकदाच टाकलंत तर आधीच्या सगळ्यांच्या किल्ल्या पुसल्या जातील. जुन्या पॉवरशेलमध्ये मोठं-पेक्षा चिन्ह वापरून .पब ची नवी फाइल बनवू नका. तो यूटीएफ-१६ मध्ये लिहितो आणि सर्व्हरला ती ओळ वाचता येत नाही.

पुट्टी (विंडोजवरचा वेगळा एसएसएच प्रोग्रॅम) वापरणाऱ्यांची ठरलेली अडचण: पुट्टीजेनमधलं 'सेव्ह पब्लिक की' हे बटण अनेक ओळींची, 'बिगिन एसएसएच२ पब्लिक की' ने सुरू होणारी फाइल देतं. ती ऑथराइज्ड_कीजमध्ये चालत नाही. खिडकीत वरच्या चौकोनात जी एक लांब ओळ दिसते ती कॉपी करायची, आणि चौकोन सरकवून शेवटपर्यंत. .पीपीके फाइल ओपनएसएसएचला हवी असेल तर 'कन्व्हर्जन्स' मेनूतून एक्सपोर्ट.

डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) सी ड्राइव्हवरची किल्ली थेट वापरली की 'अनप्रोटेक्टेड प्रायव्हेट की फाइल' असा मोठा इशारा येऊन ती नाकारली जाते, कारण तिथून प्रत्येक फाइल ७७७ दिसते. लिनक्सच्या होममध्ये कॉपी करा आणि ६०० करा.


सोनचाफा

पोर्टबावीस, होम फोल्डर ७७५ निघाला. ग्रुपला लिहिता येत होतं. जीओ-डब्ल्यू केलं आणि लगेच चाललं. आता पुढचा प्रश्न: दर वेळी पासफ्रेज टंकायची असेल तर पासवर्ड काय वाईट होता? पासफ्रेज रिकामी ठेवली तर?


पोर्टबावीस

रिकामी ठेवली तर ती फाइल ज्याच्या हाती लागेल तो थेट आत. लॅपटॉप चोरीला जाणं हा एकच मार्ग नाही. होम फोल्डरचा बॅकअप कुठल्यातरी ड्राइव्हवर जात असतो, त्यात .एसएसएचही जातं. माणसाने वापरायच्या किल्लीला पासफ्रेज हवीच, असं माझं ठाम मत. पासफ्रेज नेटवर्कवरून कुठेही जात नाही, ती फक्त तुमच्या डिस्कवरची फाइल उघडते.

टंकायचा त्रास एजंट (उघडलेली किल्ली लक्षात ठेवणारा तुमच्या मशीनवरचा प्रोग्रॅम) वाचवतो. दिवसातून एकदा:

एसएसएच-ॲड -टी ८एच

आठ तासांनी एजंट किल्ली विसरतो. मॅकवर कॉन्फिगमध्ये 'यूजकीचेन येस' दिलं की पासफ्रेज कीचेनमध्ये राहते. विंडोजवर 'ओपनएसएसएच ऑथेंटिकेशन एजंट' ही सर्व्हिस सुरुवातीला बंद असते, ती ऑटोमॅटिक करून चालू करावी लागते. आधी बनवलेल्या किल्लीला पासफ्रेज नंतरही लावता येते, एसएसएच-कीजेन -पी ने. किल्ली तीच राहते, सर्व्हरवर काही बदलायला नको.


मध्यरात्रीचा_क्रॉन

माणसाच्या किल्लीचं पटलं. पण रात्री तीन वाजता बॅकअप घेणाऱ्या क्रॉनला (ठरल्या वेळी आपोआप आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम) पासफ्रेज कोण टंकणार? तिथे रिकामीच ठेवावी लागते, म्हणून ती किल्ली वेगळी बनवायची आणि सर्व्हरवर तिचे हातपाय बांधायचे. ऑथराइज्ड_कीजमध्ये त्या ओळीच्या आधी:

रिस्ट्रिक्ट,कमांड="/यूएसआर/बिन/आररसिंक -आरओ /व्हार/बॅकअप्स"

आणि एक जागा सोडून पुढे किल्ली. स्वल्पविरामानंतर जागा सोडायची नाही. 'रिस्ट्रिक्ट' मुळे टर्मिनल, पोर्ट फॉरवर्डिंग, एजंट फॉरवर्डिंग सगळं बंद. 'कमांड' मुळे समोरच्याने काहीही मागितलं तरी तेवढंच चालतं: त्या फोल्डरातून वाचणं. आररसिंक हे आरसिंकबरोबर (फाइली कॉपी करणारा प्रोग्रॅम) येतं. लक्षात ठेवा, आता क्लायंटकडून मार्ग त्या फोल्डरापासून मोजायचा. आधीचा पूर्ण मार्ग तसाच ठेवलात तर फाइल सापडत नाही असं म्हणेल.

फ्रॉम="आयपी पत्ता" असंही जोडता येतं आणि दोन्ही टोकं डेटा सेंटरमध्ये असतील तर जरूर जोडा. घरच्या ब्रॉडबँडवरून किंवा मोबाइल डेटावरून येणार असाल तर नको, तिथला बाहेरचा पत्ता बदलत राहतो आणि एक दिवस बॅकअप गुपचूप बंद पडतो.

क्रॉनच्या आज्ञेत -आय ने किल्लीचा पूर्ण मार्ग द्या, तिथे एजंट नसतो. -ओ बॅचमोड=येस ही द्या, म्हणजे काही अडलं की प्रश्न विचारत न बसता लगेच एरर देऊन संपेल. आणि क्रॉन ज्या यूजरचा, त्याच्याच नोन_होस्ट्समध्ये (ओळखीच्या सर्व्हरांची यादी) सर्व्हरची नोंद हवी. हाताने चालतं आणि क्रॉनमध्ये नाही, या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं.


दुपारची_शिफ्ट

अजून एक. एजंटमध्ये सात-आठ किल्ल्या आहेत. एका सर्व्हरवर 'टू मेनी ऑथेंटिकेशन फेल्युअर्स' येऊन जोडणी तुटते. योग्य किल्ली एजंटमध्ये आहे.


कन्सोलकर

एजंट एकेक किल्ली पुढे करत जातो आणि प्रत्येक नाकारलेली किल्ली हा एक फसलेला प्रयत्न मोजला जातो. मॅक्सऑथट्राइज सुरुवातीला ६ असतं. तुमची योग्य किल्ली सातवी असेल तर तिची पाळी यायच्या आधीच दार बंद. सर्व्हरवर आकडा वाढवू नका, आपल्या ~/.एसएसएच/कॉन्फिग मध्ये लिहा:

होस्ट दुकान
होस्टनेम २०३.०.११३.२०
यूजर मीरा
आयडेंटिटीफाइल ~/.एसएसएच/आयडी_ईडी२५५१९
आयडेंटिटीजओन्ली येस
सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल ६०

आयडेंटिटीजओन्ली नसेल तर आयडेंटिटीफाइल सांगूनही एजंटमधल्या बाकीच्या किल्ल्या पुढे केल्या जातातच. शेवटची ओळ वेगळ्या दुखण्यावर आहे: थोडा वेळ काही टंकलं नाही की मधला राउटर जोडणी विसरतो आणि टर्मिनल गोठतं. दर मिनिटाला एक निरोप गेला की ते होत नाही. आता 'एसएसएच दुकान' एवढंच पुरतं, एससीपी आणि आरसिंकलाही हेच नाव चालतं.


लालटोपी

सर्व्हरला आपली ओळख पटवण्यावर एवढी चर्चा झाली, सर्व्हरची ओळख कोण पटवणार? पहिल्या जोडणीला जो ठसा दाखवतात त्यावर सगळे डोळे मिटून येस टंकतात. होस्टिंगच्या वेब कन्सोलवरून आधी हे चालवा आणि जुळवा:

एसएसएच-कीजेन -एलएफ /ईटीसी/एसएसएच/एसएसएच_होस्ट_ईडी२५५१९_की.पब

नंतर कधी 'रिमोट होस्ट आयडेंटिफिकेशन हॅज चेंज्ड' आलं तर आधी कारण शोधा. सर्व्हर नव्याने बसवला असेल तर एसएसएच-कीजेन -आर (मोठा आर) आणि सर्व्हरचं नाव, म्हणजे जुनी नोंद जाते. मार्च २०२३ मध्ये गिटहबने आपली आरएसए होस्ट किल्ली बदलली, कारण तिचा प्रायव्हेट भाग थोडा वेळ एका सार्वजनिक रेपॉझिटरीत उघडा पडला होता. त्या दिवशी असंख्य लोकांना हाच इशारा दिसला आणि तो खरा होता.

एकाच इमेजवरून व्हर्च्युअल मशीन क्लोन करणाऱ्यांनी प्रत्येक क्लोनवर जुन्या होस्ट किल्ल्या काढून एसएसएच-कीजेन -ए (मोठा ए) चालवावं, नाहीतर सगळ्या मशीनची ओळख एकच.


सोनचाफा

मधल्या सर्व्हरवरून आतल्या मशीनवर जायचं तर मधल्यावर प्रायव्हेट किल्ली ठेवावी का एजंट फॉरवर्ड करावा?


पोर्टबावीस

दोन्ही नको. एजंट फॉरवर्ड केला की किल्ली कॉपी होत नाही हे खरं, पण तुम्ही जोडलेले असेपर्यंत मधल्या मशीनवरचा रूट तुमच्या एजंटकडून सह्या करून घेऊ शकतो.

एसएसएच -जे यूजर@मधला यूजर@आतला

(मोठा जे.) यात मधला सर्व्हर फक्त नळी होतो, दोन्ही लॉगिनच्या सह्या तुमच्या लॅपटॉपवर होतात. कॉन्फिगमध्ये यालाच 'प्रॉक्सीजंप' म्हणतात.


मध्यरात्रीचा_क्रॉन

पोर्ट २२ वरून हलवण्याबद्दल कुणीच बोललं नाही अजून. माझ्या मते हलवावं.


पोर्टबावीस

लॉगमधला कचरा कमी होतो, यापलीकडे फायदा नाही. पासवर्ड बंद असेल तर ते प्रयत्न तसेही वाया जाणारच. वर १०२४ च्या पुढचं पोर्ट घेतलंत आणि एसएसएचडी कधी पडला, तर सर्व्हरवरचा कुठलाही साधा यूजर त्या पोर्टवर स्वतःचा प्रोग्रॅम बसवू शकतो.


मध्यरात्रीचा_क्रॉन

लॉग स्वच्छ असणं हाही फायदाच, खरा प्रयत्न उठून दिसतो. असो, मतभेद राहू देत.


कन्सोलकर

ज्यांना हलवायचंच आहे त्यांच्यासाठी: उबुंटू २४.०४ मध्ये पोर्टवर एसएसएच.सॉकेट ऐकत असतं. कॉन्फिगमध्ये पोर्ट बदलून नुसता रीलोड मारला तर सर्व्हर जुन्याच पोर्टवर राहतो. सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड आणि मग रीस्टार्ट एसएसएच.सॉकेट. त्याच्याही आधी यूएफडब्ल्यूमध्ये (उबुंटूची फायरवॉल) आणि होस्टिंगच्या फायरवॉलमध्ये नवं पोर्ट उघडा. रॉकीवर सेमॅनेज पोर्ट ने एसईलिनक्सलाही सांगावं लागतं.

दुसरी गोष्ट, किल्ली लावली म्हणून अपडेट थांबवायचे नाहीत. जुलै २०२४ मध्ये उघड झालेला 'रेग्रेशन' नावाचा दोष लॉगिनच्या आधीच्या टप्प्यातला होता, तिथे किल्ली असो वा पासवर्ड, काही फरक पडत नव्हता. कायमचा उपाय एकच, पॅकेज अद्ययावत करणं.

आणि स्वतःलाच बाहेर कोंडून घेतलं तर? वेब कन्सोल आहे म्हणून लोक निर्धास्त असतात. कन्सोलवर लॉगिनला पासवर्ड लागतो, आणि क्लाउड इमेजमधल्या 'उबुंटू' यूजरला पासवर्डच दिलेला नसतो. आत असतानाच सुडो पासडब्ल्यूडी उबुंटू ने त्याला लांबलचक पासवर्ड लावून ठेवा. एसएसएचमध्ये पासवर्ड बंद असल्याने तो बाहेरून उपयोगाचा नाही, कन्सोलवर मात्र चालतो. तोही नसेल तर रेस्क्यू मोडमध्ये चालू करून, डिस्क जोडून फाइल दुरुस्त करणं एवढाच मार्ग.


पाटी_आणि_पुट्टी

टीममधला माणूस सोडून गेला तर काय करायचं? आमच्याकडे सर्वांची एकच किल्ली आहे.


लालटोपी

मग सगळ्यांचीच बदलावी लागेल, दुसरा इलाज नाही. प्रत्येकाची, खरं तर प्रत्येकाच्या प्रत्येक मशीनची किल्ली वेगळी हवी. माणूस गेला की त्याची ओळ काढायची. ओळ काढल्याने चालू सेशन तुटत नाही हे मात्र विसरलं जातं. त्याचा यूजर वेगळा असेल तर लॉगिनसीटीएल टर्मिनेट-यूजर, सगळे एकाच यूजरने येत असतील तर त्याचं सेशन शोधून तेवढंच बंद करायचं. थोड्या दिवसांसाठी आलेल्यांना ओळीच्या आधी एक्स्पायरी-टाइम="२०२६१२३१" असं लिहून द्या, ती तारीख लागली की किल्ली आपोआप नाकारली जाते.

सर्व्हर दहा-बाराच्या वर गेले की प्रत्येकावर ओळी सांभाळण्यापेक्षा सर्टिफिकेट बरं. एक सीए किल्ली (बाकीच्या किल्ल्यांवर सही करणारी मुख्य किल्ली) बनवा, ती सर्व्हरपासून लांब ठेवा, तिची फक्त पब्लिक बाजू प्रत्येक सर्व्हरवर 'ट्रस्टेडयूजरसीएकीज' मध्ये नोंदवा. मग माणसाच्या पब्लिक किल्लीवर सही:

एसएसएच-कीजेन -एस सीए -आय मीरा-लॅपटॉप -एन मीरा -व्ही -५एम:+१२डब्ल्यू आयडी_ईडी२५५१९.पब

(आय आणि व्ही मोठे.) -एन नंतरचं नाव सर्व्हरवरच्या यूजरशी जुळलं पाहिजे, नाहीतर नकार. बारा आठवड्यांनी सर्टिफिकेट आपोआप संपतं.


पाटी_आणि_पुट्टी

-५एम कशाला?


लालटोपी

सर्व्हरचं घड्याळ दोन-तीन मिनिटं मागे असेल तर त्याच्या लेखी ताजं सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं नसतं, लॉगमध्ये 'नॉट येट व्हॅलिड' दिसतं. पाच मिनिटं मागून सुरुवात दिली की तेवढा फरक पोटात जातो. फरक त्याहून मोठा असेल तर टाइमडेटसीटीएल चालवून 'सिस्टम क्लॉक सिंक्रोनाइज्ड' पुढे येस आहे का बघा.